रुमाल टाकलेली खुर्ची
निलगिरीच्या तेलाचा वास आला की मला नगरचं ते थेटर आठवतं. राहुरीहून ऑफिसला जाताना एक सहकारी रोज एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरायचा आणि नगर येईपर्यंत कान खायचा. सर्दीमुळे त्याच्या रुमालाला कायम निलगिरीचा वास. त्या रविवारी सासुरवाडीला जातोय असं त्याला सांगून मी एकटाच सिनेमाला पळालो. नको असलेला मित्र एका माणसाच्या हात धुऊन मागे लागतो, अशी भन्नाट ब्लॅक कॉमेडी होती. त्याआधी आठवडाभर मी बसमध्ये तिच्याबद्दलच बोलत होतो. गच्च भरलेल्या थेटरात, अंधारात एकच खुर्ची रिकामी दिसली. मी धावलो, तर तिच्यावर रुमाल! "बसा की, तुमचीच हाय. मला म्हाईत हुतं तुमी येनार," शेजारून आवाज आला. पुढे पडद्यावरचा तो मित्र थेट नायकाच्या मधुचंद्राला जाऊन पोहोचला, तेव्हा हा माझ्या मांडीवर थाप मारत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत म्हणाला, "लई चिकट मानूस हाय हो! कसं सहन करतो हा बिचारा?" मी त्याच्याहून मोठ्यानं हसलो. पुढे त्याची बदली झाली. आज सकाळी एसटीत तोच वास आला, आणि मी मिळालेली जागा सोडून, गर्दीतून वाट काढत पार शेवटच्या सीटपर्यंत बघून आलो.