दाराजवळचं गाठोडं

जावा बेटावरच्या त्या डोंगरगावात मी एका रात्रीच्या मुक्कामासाठी गेले होते. ज्वालामुखीने राख उडवली, खाली उतरणारी एकुलती वाट बंद झाली आणि मी तीन दिवस तिथेच अडकून पडले. खिडकीच्या काचेवर राख, अंगणातल्या कोबीवर राख. मग मी दाराजवळच्या गाठोड्याकडेच बघत बसायची.

घरमालकीण वार्ती माझ्याच वयाची. कामापुरतं इंग्रजी यायचं तिला. "डोंगर पेटला की हे उचलून पळायचं," ती म्हणाली. तिथे प्रत्येक दाराशी असं गाठोडं असतं. आत घराचे कागद, कपडे, चादरी. दरवर्षी ती ते सोडून उन्हात घालते आणि परत बांधताना त्यात भर टाकते. एकदा आईचा दगडी खल, एकदा लेकीच्या वह्या.

"मग पळालात का कधी?"

"अजून नाही. पण ते दाराशी असलं की झोप लागते."

मला माझ्या कपाटात लिहून ठेवलेला नोकरीचा राजीनामा आठवला. दर दिवाळीच्या साफसफाईत तो सापडतो, मी त्यात एखादं कारण वाढवते आणि परत साड्यांखाली ठेवते. आपण कधीही निघू शकतो, एवढ्या भरवशावर माणूस किती वर्षं काढतो.

वाट मोकळी झाली. निघताना मी सहज ते गाठोडं उचलायला गेले, तर ते हलेना. दोघींनी मिळून ओढलं तेव्हा कुठे वीतभर सरकलं.

मग दोघींनी मिळून ते पुन्हा जागेवर लावलं.