फिटरआप्पांचे दोन खण

एसटी स्टँडात शिरली की लोक जागा धरायला धावायचे आणि फिटरआप्पा वाकून तिच्या शेपटीखाली किती जागा आहे ते बघायचे. कुठं जायचं असायचं म्हणून नव्हे, नुसतं बघायला! मुंबईला विमानांच्या पत्र्यांना रिवेट मारण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर होऊन पारनेरला आले तेव्हा बायको आधीच गेलेली. मी शाळेत नवी लागलेली बाई, शेजारच्या खोलीत भाड्याने. मधली भिंत एकच. त्यांचा खोकला मला ऐकू यायचा आणि माझी एकटीची बडबड त्यांना.

"विमान लांबवायचं म्हंजे मधनं कापायचं," ते सांगायचे.

"अगं बाई! कापायचं?"

"व्हय तर. पंखाच्या पुढं एक तुकडा घालायचा, मागं एक. नुसतं मागं जोडलं तर बैलगाडीवानी उलाळ हुतंय." गाडीत मागे ओझं जास्त झालं की जू वर उचलतं, हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. "आन् चाकांचे पाय आखूड असतील तर न्हाईच लांबवत. उडताना नाक उचललं की शेपूट घासतंय."

पेपरात नव्या जम्बो विमानाचा फोटो आला, तेव्हा मी मुद्दाम डिवचलं, "हे का नाही लांबवत मग?"

"बसायला मानसं नगत व्हय, बाई? रिकामी खुर्ची न्यायला बी तेल जळतंय."

आणि हाच शहाणा माणूस! त्यांचा मुलगा मुंबईत त्याच कामावर होता. एका दिवाळीला तो सहज बोलून गेला, की नोकरी सोडून बायकोपोरांना घेऊन इकडंच येतो, वर्कशॉप टाकू. झालं! तेवढ्या शब्दावर आप्पांनी तीन खणांचं घर पाच खणांचं केलं. एक खण पुढे, एक मागे.

"आप्पा, घराला काय उडायचंय?" मी थट्टा केली.

"सवय हो. हाताला दुसरं येत न्हाई."

नातवाला दप्तर अडकवता यावं म्हणून त्यांनी एक खुंटी पार खाली ठोकली. दर आठवड्याला दोन्ही खण स्वतः सारवायचे. बघवत नसे मला.

वर्षभराने मुलाचं पत्र आलं. क्वार्टर मिळालं, पोरांची शाळा इथंच, येणं काही जमायचं नाही. आप्पांनी ते मला वाचून दाखवलं, नीट घडी घातली.

"बरूबर हाय त्याचं," म्हणाले. मग पत्र खिशात घालत, "बाई, तुमीच या ऱ्हायला पुढच्या खणात. भाडं नगं. मानसाचा वावर पायजे घरात."

माझ्या पिशवीत बदलीची ऑर्डर होती, त्याच दिवशी हातात पडलेली. ती काढून त्यांना दाखवली.

"मग जायलाच पायजे," एवढंच बोलले.

पोचल्याचं पत्र टाकायला मी दोन महिने लावले. त्यांचं उत्तर उलट टपाली आलं: सुट्टीत या, चार दिवस ऱ्हावा. मी गेले नाही. लग्न, पेपर तपासणं, सासरची आजारपणं, कारणं काय, हवी तेवढी होती. पुढच्या दोन पत्रांना तर मी उत्तरही दिलं नाही.

आप्पा गेल्याचं मला तीन वर्षांनी कळलं, तेही जुन्या शाळेतल्या एका बाईंकडून, बोलता बोलता. घरी येऊन ढसाढसा रडले. त्यांच्या मुलाला चार शब्द सुनावावेत असं फार वाटलं, पण कोणत्या तोंडाने सुनावणार होते?