पेढे न आलेली घरं

शालिकरामभाऊ डेकाटे जन्माने पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून पाय आधी आले, डोकं मागून. पायाळू माणसाची लाथ बसली की पाठीत भरलेली उसण जाते, असं आपल्याकडे मानतात. त्यामुळे हे गृहस्थ कळायला लागल्यापासून लोकांच्या कमरेवर पाय देत आले. उसण गेली की लोक गूळ, शेंगदाणे घेऊन परत येत. ज्याची उसण जात नसे तो कशाला परत येईल? पोराला वाटलं, आपला पाय कधी वाया जातच नाही.

खापरखेड्याला आमची घरं भिंतीला भिंत लागून. वीज केंद्रातून रिटायर झाल्यावर भाऊंना घरात बसवेना, म्हणून नागपुरात एका शिबिरात जाऊन ते ॲक्युपंक्चर शिकून आले. सुयांनी आधी गुडघे आणि पाठी झाल्या. मग मोक्सा. औषधी पाल्याची सिगारसारखी जाड कांडी असते, ती पेटवायची आणि पोटातलं बाळ उलटं असेल तर बाईच्या पायाच्या करंगळीपाशी, नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ, चामडीला न लावता धग द्यायची. बाळ वळवळतं आणि कधी कधी डोकं खाली घेतं. शिबिरातले डॉक्टर ‘कधी कधी’ म्हणाले होते, नंतर सोनोग्राफी कराच असंही म्हणाले होते. भाऊंनी कांडी तेवढी घरी आणली, बाकीचं तिथेच राहिलं.

पायाळू माणूस उलटं बाळ सुलटं करतो, हे लोकांना पटायला कितीसा वेळ लागणार! कोराडीहून, वलनीहून बाया येऊ लागल्या. भाऊंनी कुणाचा एक पैसा घेतला नाही. उगाच खोटं कशाला बोलू, माणूस मनाने सोन्यासारखा. बाळ झालं की पेढ्यांचा डबा यायचा. रंभाबाई, म्हणजे त्यांची बायको, तो घरोघर फिरवायच्या आणि भाऊ अंगणात उभे राहून म्हणायचे, "अजून एक फिरलं, वैनी!"

गेल्या उन्हाळ्यात त्यांची एकुलती एक मुलगी मयुरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई पियूष हिंगण्याला एका कारखान्यात कामाला. सोनोग्राफीत बाळाचे पाय खाली दिसले. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सिझरची तारीख दिली आणि बजावलं, त्याआधी पाणी गेलं तर क्षणभरही थांबू नका.

भाऊ रोज दुपारी लेकीचे पाय मांडीवर घेऊन बसत. कांडीचा उग्र वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. एके दिवशी मयुरा हसत हसत कुंपणाशी आली. "काकू, कोलांट्या मारून राह्यलं वं हे!" झालं. भाऊंनी पोट चाचपलं आणि जाहीर केलं, बाळ फिरलं.

रविवारी आलेला पियूष म्हणाला, "बाबा, एकदा सोनोग्राफी करून घेऊ."

"कायले? त्यायले कापाचंच असते. मी हात लावून पाह्यलं, डोकं खाली आहे."

सासऱ्यापुढे जावई किती बोलणार? सिझरची तारीख आली तशी गेली.

मग एका सकाळी मी सडा टाकत होते, तर रंभाबाईंनी हाक मारली. मयुराचं पाणी गेलं होतं. मी म्हटलं, आधी गाडी बोलवा. भाऊ म्हणाले, "वैनी, पहिलटकरीण आहे, वेळ लागते. डोकं खाली आहे ना? जेवून निघू आरामात."

डोकं खाली आहे, एवढ्या भरवशावर ते घर दुपारपर्यंत बसून राहिलं. मला त्याचा राग येतो, आजही येतो. वाढलेली ताटं तशीच होती आणि न्हाणीतून मयुराची किंकाळी आली. नाळ बाहेर आली होती. गाडी मिळून नागपूर गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. बाळ पायाळूच होतं. गर्भाशयाचं तोंड डोक्यासारखं अडवायला खाली काही नव्हतं, म्हणून नाळ आधी घसरली आणि दबली. मुलगी होती. पियूषने तिला शेवटपर्यंत स्वतःच्या हातात धरलं, भाऊंकडे दिलं नाही.

लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? म्हणू लागले, एवढ्या बायांची बाळं फिरली ती फिरलीच, मग हिचंच परत उलटं कसं झालं? हिनंच काहीतरी केलं असेल. मयुरालाही तेच वाटायला लागलं. "काकू, मी त्या दिवशी पाट्यावर चटनी वाटली. त्याच्यानंच फिरलं असन का वं?" कितीदा नाही म्हटलं, तरी तेच. जेवण जवळजवळ सुटलं. पियूष तिला हिंगण्याला घेऊन गेला.

महिनाभराने भाऊ माझ्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा राखेसारखा.

"वैनी, कांडीले येत होती ते वलनीची दिपाली, तिच्याकडून पेढे आले होते का?"

मी आठवून पाहिलं. नव्हते आले.

"चला माह्यासंगं," ते म्हणाले.

दिपालीचा मुलगा ओसरीवर रांगत होता. भाऊंनी विचारलं तशी ती कावरीबावरी झाली.

"सिझर झालं, काका. ते फिरलंच नव्हतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"कसं सांगू? तुमी इतके दिवस मेहनत केली, चहाबी घेतला नाही. गावभर पेढे वाटले आमी. तुमच्याच घरी नाही धाडले. म्हटलं, तुमाले वाईट वाटन."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. भाऊंची मूठ लोकांनीच मायेने झाकून ठेवली होती, आणि त्यांनीही ती कधी उघडून पाहिली नव्हती. त्यानंतर पेढे न आलेली घरं ते एकेक करून एकटेच हिंडले. बहुतेक ठिकाणी सिझर. एका घरात त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि न वापरलेली झबली समोर आणून ठेवली.

मग ते हिंगण्याला निघाले आणि मलाही सोबत नेलं. मयुरा भिंतीला टेकून बसली होती, गळ्याची हाडं दिसत होती. भाऊ तिच्यासमोर खाली फरशीवर बसले.

"पोरी, तुयी काही चूक नाही. लय जनींचं फिरलंच नव्हतं. त्यायनं सांगतलं नाही अन् मी विचारलं नाही. तुयंबी फिरलं नव्हतं."

तिने मान वर केली. "मंजे पाट्यानं नाही झालं?"

"नाही वं माय."

"मंग तारखेले मले दवाखान्यात काहून नाही जाऊ देल्लं?"

मयुरा भिंतीच्या आधाराने उठली, आत गेली, टोपलीतली पोळी घेतली आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या उभ्याच खायला लागली. भराभर, कोरडीच. तिचे खांदे हलत होते. पियूष दाराशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, यायले घेऊन जा आता."

कांडीसाठी अजून बाया येतात. भाऊ त्यांना फाटकातूनच दवाखान्यात पाठवतात. मयुरा आता दोन्ही वेळ जेवते, असं पियूष फोनवर रंभाबाईंना सांगतो. खापरखेड्याला ती पुन्हा आली नाही, आणि भाऊंनीही तिला ये म्हटलं नाही.