ज्याची चूक, त्याचं वल्हं

चार माणसं पाण्याकाठी बसली की किस्से आपोआप साठतात. जाळं टाकून झालं, की मासा यायची वाट पाहण्यापलीकडं काही काम उरत नाही. मग माणूस दुसऱ्या माणसावर नजर ठेवतो. आमच्या धरणावरची मच्छीमार सोसायटी तर या कामात भलतीच पुढारलेली. इथं माशांपेक्षा संशयच जास्त सापडतात! मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळं सगळे संशय आधी माझ्या कानावर येतात. त्यातले मोटरीचे तेवढे सांगतो.

*

आमचे अध्यक्ष शामरावजी. माणूस मनानं चांगला, पण स्वतःच्या घरच्या म्हशीचं दूधसुद्धा पाणी किती ते पाहूनच पिणार.

सोसायटीला बोटीच्या मागं लावायची पेट्रोलवरची मोटर मिळाली, तेव्हा दुकानदार स्वतः ती घेऊन आला. शामरावजींनी तिला वरून खालून पाहिलं, खिशातून किल्ली काढली आणि रंगावर चर्रकन रेघ ओढली.

"हे काय करून राह्यले जी?" दुकानदार ओरडला.

"पाहून राह्यलो. जुन्या मोटरीले रंग मारून तर नाई ना देल्ली?"

"नवीनच होती साहेब," दुकानदार रडवेला झाला, "आता झाली जुनी!"

*

मोटर चालवायचं काम दौलतभाऊंकडं आलं. त्यांचा उजवा खांदा कामातून गेलेला, त्यामुळं जाळं फेकणं बंद झालं होतं. हे काम गेलं तर दुसरं कोणतं मिळणार नाही, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही. मोटर मात्र त्यांच्या हाताखाली लेकरासारखी ऐकायची. पाण्यात बुडालेल्या बाभळींचे खुंट जिथं वर दिसतात, तिथपर्यंत बोट सरळ जायची आणि माशाच्या टोपल्या घेऊन परत यायची.

सगळं इतकं सुरळीत चाललेलं पाहून शामरावजींना झोप लागेना.

"सेक्रेटरी, पेट्रोल लौकर संपते."

"शामरावजी, थोडं उडूनही जाते."

"उडून जाते ना? मंग उडून कोनाच्या घरी उतरते, थे पाहाले पायजे!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकीचं झाकण बांधलं. वर प्लॅस्टिक, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, त्यावर सुतळी आणि सुतळीच्या गाठीवर लाख. मतपेटीलाही एवढा मान मिळत नसेल! सकाळी सील ठोकणार ते, बोट परत आली की फोडणार ते. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

*

एवढ्यानंही त्यांचं समाधान होईना. एक दिवस त्यांनी दौलतभाऊंचे दोन्ही हात धरले आणि नाकाजवळ नेले.

"कशाचा वास येऊन राह्यला रे?"

"मासोयीचा, अध्यक्षसाहेब. दुसरा कशाचा येईन?"

मी मधे पडलो. म्हटलं, "शामरावजी, दौलतभाऊ सायकलवर येतात. सायकलीत पेट्रोल कुठं टाकतील?"

शामरावजींनी माझ्याकडं पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "त्याच्या साळ्याजवळ मोटरसायकल हाय!"

साळा राहतो पार दुसऱ्या तालुक्यात. पण शामरावजींचा संशय तिथपर्यंत पायी जाऊ शकतो.

*

त्याच सुमारास मोटरीचा दम जायला लागला. काठावरून निघताना गर्जत निघायची, खुंटांजवळ पोचली की आवाज बारीक, मग खोकला, मग गप्प. दोरी ओढून ओढून दौलतभाऊ घामाघूम व्हायचे.

आता आमच्या लोकांचा एक जुना नियम आहे. पाण्यावर ज्याच्या चुकीनं खोळंबा झाला, त्यानं वल्हं मारत सगळ्यांना काठावर आणायचं. ज्याची चूक, त्याचं वल्हं. यावर वाद नाही, अपील नाही. मोटर बसली ती दौलतभाऊंच्या हातात, म्हणून वल्हंही त्यांच्याच हातात. तो दुखरा खांदा घेऊन माणूस दात आवळून येताना दिसला की मला फार वाईट वाटायचं. मी वल्हं मागितलं तर देत नसत.

"नियम मोडून कसं जमीन, सेक्रेटरी? आज मोडला त उद्या कोनी पायनार नाई."

उशीर झाला की आंजीचा बाजार चुकायचा आणि मासे घरच्या घरी वाटावे लागायचे. बाया मग आमच्याकडं ज्या नजरेनं बघायच्या, ती सांगण्यासारखी नाही.

*

मोटरीच्या पंख्यात काही अडकलं असेल म्हणून दौलतभाऊंनी बुडी मारली आणि नायलॉनच्या जाळ्याचा एक भला मोठा तुकडा बाहेर काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शामरावजींनी तुकडा वर धरला.

"कोनाचं जायं हाय हे? मुद्दाम कोनं टाकलं?"

त्या दिवशी अख्ख्या धरणावर कोणाचंच जाळं फाटलेलं नव्हतं!

मोटर दुसऱ्या दिवशी पुन्हा खुंटांजवळच बसली.

*

मग दौलतभाऊंनी एक गोष्ट सांगितली. टाकीतून मोटरीकडं जाणाऱ्या नळीवर हातानं दाबायचा एक रबरी गोळा असतो. "मोटर बसाच्या आंधी थो गोया आपोआप चपटा होते जी. कोनी आतून वढून राह्यलं, असा."

"आपोआप?" शामरावजी म्हणाले. "तूच दाबत असशीन!"

*

शेवटी पिपरी मेघेचा मेकॅनिक आणला. शामरावजींनी त्याच्यासमोर सील फोडून पेट्रोल दाखवलं. त्यानं प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, पाण्याच्या ड्रममध्ये मोटर उभी करून चालवली. काय ओरडली मोटर! तो चहा प्याला, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला, तरी ती चालूच.

"मोटरीले काईच झालं नाई," तो हात पुसत म्हणाला. "मानसं तपासा!"

"मी तेच सांगून राह्यलो!" शामरावजी म्हणाले. इतके खूश मी त्यांना निवडून आले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

*

त्यांनी जाहीर करून टाकलं, की सोमवारच्या सभेत दौलतचं काम काढून घ्यायचं. दौलतभाऊ भांडले नाहीत. केळझरच्या गणपतीचा नारळ त्यांनी बोटीच्या टोकावर फोडला आणि म्हणाले, "एक डाव तुमी संगं या. मोटर माह्या हातानं बसते का कशानं, थे तुमच्या डोयानं पाहा. मंग काढजा."

"येतोच! रंगेहाथ धरतो तुले."

सभेच्या दिवशी सकाळी शामरावजींनी सील ठोकलं आणि आम्ही तिघं निघालो. सभेला जमलेले सगळे काठावर उभे. खुंट आले. आवाज बारीक झाला, खोकला झाला, मोटर बसली. दौलतभाऊंचे दोन्ही हात वर.

"पेट्रोलच बदललं असशीन!" म्हणत शामरावजींनी लाख फोडली, सुतळी, पट्टी, प्लॅस्टिक काढलं आणि झाकण फिरवलं.

सूंऽऽऽ! टाकीनं हवा आत ओढली. दौलतभाऊंनी दोरी ओढली. मोटर गर्जत सुटली.

शामरावजींनी झाकणाकडं पाहिलं. पुन्हा घट्ट लावलं, पुन्हा सगळं बांधलं. काही वेळानं मोटर पुन्हा बसली. उघडलं, सूंऽऽऽ! पुन्हा सुटली.

तिसऱ्यांदा त्यांनी झाकण नुसतंच लावलं, बांधलं काही नाही. मोटर बसलीच नाही. झाकणावर हवा आत जायला टाचणी जाईल एवढं एक भोक होतं. शामरावजी त्याच्यावर बोट ठेवायचे, काढायचे, पुन्हा ठेवायचे. मी दुसरीकडं बघत बसलो.

काठावरची माणसं ओळखू यायला लागली, तेव्हा दौलतभाऊंनी चालती मोटर बंद केली. फळीखालचं वल्हं काढलं आणि शामरावजींसमोर धरलं.

शामरावजींनी वल्ह्याकडं पाहिलं. काठाकडं पाहिलं. मग सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि वल्हं घेतलं.

काठावरून कोणीतरी ओरडलं, "काऊन जी शामरावजी, मोटर पुन्हा बसली का?"

"नाई," वल्हं मारत शामरावजी म्हणाले, "मोटर चांगली हाय!"