ओकायामातला सोमवार

मुलाकडे जपानला जाऊन मला आठ दिवस झाले होते आणि तेवढ्यात त्याच्या दोन खोल्यांतली एकेक वस्तू मी तीन-तीनदा पुसून काढली होती. तो ओकायामा शहरात एका कारखान्यात इंजिनिअर आहे. सकाळी जातो, दिवेलागणीला येतो. सुट्टीच्या दिवशी मला फिरवायचा, बाकीचे दिवस मी गॅलरीत उभी. नवव्या दिवशी, सोमवारी, मी त्याच्या आधी तयार होऊन दाराशी बसले. अंगावर साडी, वरून स्वेटर, पायात त्यानेच घेऊन दिलेले बूट.

"आई, कुठं चालली?"

"गाव पाहाले."

"एकटी? शनिवारी नेतो न मी तुले."

"काऊन? मी काय लेकरू आहो?"

"इथली भाषा नाई येत तुले."

"तू आला तवा तुले येत व्हती का?"

त्याने एका चिठ्ठीवर जपानीत घरचा पत्ता लिहून दिला, ट्रामचं कार्ड आणि थोडे पैसे दिले, माझ्या मोबाइलमध्ये काहीतरी दाबलं आणि सांगितलं, "तू कुठं आहे ते मले इथून दिसते. हरवली तं हालू नको, जागीच थांब." आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. एकटीने मी संग्रामपूरचा बाजार केलेला, नाहीतर फार तर नांदुऱ्याला जाऊन रेल्वेत बसलेली. त्यामुळे त्याची काळजी अगदीच खोटी नव्हती.

ट्राममध्ये मी पुढच्या दाराने शिरायला गेले. पांढरे हातमोजे घातलेल्या चालकाने अदबीने मागचं दार दाखवलं. उतरायचं पुढून, आणि कार्ड टेकवायचं तेही उतरताना. आमच्या एसटीत कंडक्टर गर्दीतून वाट काढत तुमच्यापर्यंत येतो, इथे माणसंच शिस्तीत चालकापर्यंत जात होती. किल्ल्याजवळच्या थांब्यावर मी बरोबर उतरले तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी वळून त्या चालकाला हात केला. त्याने मान लववली.

किल्ला काळा कुळकुळीत. नदीच्या अलीकडून तो मन भरून पाहिला, पण वर चढले नाही. गुडघ्यांनी नको म्हटलं. पूल ओलांडून पलीकडच्या मोठ्या बागेत गेले. मुलगा म्हणाला होता, ही बाग फार जुनी, राजेलोकांनी बांधलेली. मोठी हिरवळ, तळी, तळ्यांत माझ्या हाताएवढे मासे. चालता चालता पाहते तर बागेच्या मधोमध चहाच्या झुडपांची रांग आणि थोड्या अंतरावर चक्क धानाचं वावर! वावर कसलं, आमच्या अंगणाएवढे तुकडे. पीक पिकून वाकलेलं. लोक काठावर उभं राहून फोटो काढत होते. आमच्या शेताचा फोटो काढायला आजवर तलाठ्याशिवाय कोणी आलं नव्हतं. मी वाकून एक लोंबी तळहातावर घेतली, दाणा भरला होता. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईने माझा हात पाहिला आणि मान हलवत काहीतरी बोलली. चांगलं पिकलंय, असंच म्हणाली असणार. मीही म्हटलं, "हाव, चांगलं हाये."

परतताना छप्पर घातलेल्या एका लांबलचक बाजारात शिरले. सोमवारी माझा उपास. मुलाला ती आणखी एक अडचण वाटली होती, मला सोय वाटत होती. मी मांस-मासळी खात नाही आणि इथे साध्या दिसणाऱ्या रस्स्यातही मासा निघतो. उपासाला तो घोळच नाही. केळी घ्यावीत म्हणून एका किराणा दुकानाच्या दाराशी गेले, तर भाजलेल्या रताळ्यांचा वास! तापलेल्या खड्यांवर लालचुटूक रताळी मांडून ठेवलेली. मी जागच्या जागी हात जोडले. बाजारातल्या बाकावर बसून दोन रताळी खाल्ली. आत पिवळीधमक, गुळात शिजवल्यासारखी गोड. दुसरं संपलं तेव्हा वाटलं, साबुदाण्याच्या खिचडीची आपण उगीचच एवढी आठवण काढत होतो.

पोट भरल्यावर डोळे दुकानांकडे वळले. कपडे, भांडी, चहाचे इवलेसे पेले. नणंदेसाठी एक हातरुमाल घेतला, मालकांसाठी काही सुचेना. आणि एका अरुंद दुकानात, कात्र्या आणि सुऱ्यांच्या मागे, भिंतीवर ओळीने विळे टांगलेले दिसले. मी थेट आत.

सत्तरीचा दुकानदार, कमरेला निळा कपडा बांधलेला, मला पाहून उभा राहिला. मी एक विळा उतरवला. हलका, मूठ गुळगुळीत. सवयीने डाव्या हातात धरला आणि खाली झुकवून ओढून पाहिला. त्याबरोबर तो "नाही, नाही" असा हात हलवत माझ्याकडे आला. मी चपापले. हात लावायची मनाई असेल. विळा जागेवर टांगला आणि कानकोंडी होऊन बाजूला झाले. त्याने माझ्या डाव्या हाताकडे बोट केलं, स्वतःचा डावा हात वर केला, काहीतरी म्हणाला आणि आतल्या खोलीत निघून गेला. बराच वेळ आतून खोकी सरकवल्याचा आवाज येत राहिला. निघावं की थांबावं, कळेना.

तो आला तो धूळ बसलेला एक लांबट डबा घेऊन. आत कागदात गुंडाळलेला विळा. त्याने भिंतीवरचा एक विळा आणि हा असे दोन्ही शेजारी धरले आणि पात्यांवरून लांबूनच बोट फिरवलं. तेव्हा दिसलं. एकाची धार एका अंगाने लावलेली, दुसऱ्याची दुसऱ्या अंगाने. हा विळा डाव्या हाताचा होता.

मी जन्माची डावरी. लहानपणी जेवताना बाप माझा हात धरून उजवा करायचा. सासरी सोंगणीला, पीक कापायला, बसले की माझा कोपर शेजारणीच्या कोपराला लागायचा, म्हणून मला कापायला कायम काठावरची पात, शेवटची ओळ. विळा तिरका जायचा, धसकटं उंच राहायची आणि सासू म्हणायची, "हिचा हातच वाकडा." मीही तेच धरून चालले होते. दोष विळ्यात असू शकतो, हे मनातही आलं नव्हतं.

साडी खोचली आणि तिथेच फरशीवर उकिडवी बसले. उजव्या हाताने नसलेलं सोयाबीन मुठीत धरलं, डाव्याने विळा ओढला. सरळ गेला! दुकानदारही भिंतीवरचा विळा घेऊन समोर बसला आणि उजव्या हाताने त्यांचं धान कापून दाखवू लागला. एवढ्यात माझा मोबाइल वाजला.

"आई, तू पाऊण तासापासून एकाच जागी काऊन आहे? हरवली का?"

"नाई बापा. ईळा पाहून राह्यली."

"काय पाहून राह्यली?"

मी मोबाइल दुकानदाराकडे दिला. दोघं जपानीत बोलले. दुकानदार आधी गंभीर होता, मग हसायला लागला, मग माझ्याकडे पाहून खूप वेळा वाकला. मोबाइल परत आला तेव्हा मुलगाही हसत होता. "ते म्हणतात, हा ईळा बनवून आणला तेव्हापासून कोणी विचारलाच नाई. तुमच्याकडं याच्यानं काय कापता, असं विचारतात."

"सांग, सोयाबीन सोंगतो. हरभरा सोंगतो. अन् सांग, मले डाव्या हाताचा ईळा लागते हे त्यायनं एका मिनिटात वळखलं. घरच्याईले चाळीस वर्षांत नाई कळलं."

मी मोबाइल पुन्हा दुकानदाराच्या हातात दिला. मुलाने ते सांगितलं असावं, कारण दुकानदाराने पैसे घेतल्यावर विळा जाड कागदात चार वेळा गुंडाळला आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला.

संध्याकाळी मुलाने तो उलटसुलट पाहिला. "हा मोठ्या बॅगेतच टाकाचा बरं. हातात नेला तं विमानात बसू देणार नाईत." मग घरी व्हिडिओ कॉल लावला. मालक शेतातून नुकतेच आले होते.

"काय घेतलं वं जपानात?"

मी विळा समोर धरला. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "इथं लोहार नव्हता का? मले वाटलं घड्याळ आणशीन."

"घड्याळ तुमच्यासाठी शनिवारी घेऊ. हा माह्या हाताचा आहे."

शनिवारी घड्याळ घेतलं. विळाही सुखरूप घरी आला आणि माघात हरभऱ्याला काढला. माझी पात सगळ्यांच्या आधी निम्मी झाली. ते पाहून शेजारच्या पातीवरची जाऊ उठून आली, "दे पाहू" म्हणाली, दोन मुठी कापल्या आणि कपाळाला आठ्या घालून विळा परत केला.

"हा तं उलटाच चालते वं माय!"

"हाव," मी म्हटलं. "तुमचे सारे ईळे मले असेच चालत."