पेटीतले सेल

हे मी आजवर कुणापाशी बोललो न्हाई. लेकीपाशीबी न्हाई.

त्या दिवशी दुपारी माझ्या बायकोनं, हौसानं, शेडामागं तीन दगडांवर चहा केला. एकाच पेल्यातनं दोघं प्यालो. "आवं, साखर कारखान्यात ऱ्हाऊन चहा फिका!" म्हणाली, अन् झाडू घेऊन आत गेली. मी बाहेरच कलंडलो.

फलटणकडं एका कारखान्यावर मी वॉचमन होतो, हौसा झाडलोट करायची. मळी आंबताना जो गॅस निघतो, तो शेडात प्रयोग करणाऱ्या मॅडम काचेच्या नळकांड्यात सोडायच्या. आत धातूची पूड — कुंकवाहून लय बारीक — अन् वर झगझगीत दिवे. उजेड पडला की ती पूड त्या गॅसचा दुसराच गॅस करायची. त्यापासनं पुढं इंधन करायचं, असं मॅडम सांगायच्या. हौसा हसायची, "मग माझ्या चुलीचा धूरबी घाला की त्यात!"

पण तो दुसरा गॅस — वास न्हाई, रंग न्हाई, अन् माणूस मारतो. म्हणून भिंतीवर एक पेटी होती, गॅस सुटला की बोंबलणारी. "काका, हिला हात लावायचा नाही," मॅडमनी बजावलं होतं.

ऐकलं का मी? पेटी चुलीच्या धुरानंबी बोंबलायची. मग चहाच्या वेळी मी तिच्यातले सेल काढायचो, नंतर परत घालायचो. रोजचंच. त्या दिवशी — घातले न्हाईत. विसरलो म्हणू? न्हाई. उठायचा कंटाळा आला, एवढंच.

नळकांड्याचा एक जोड सुटला होता. मी आत गेलो तवा हौसा फरशीवर पडलेली. पेटी गप.

चौकशीत पेटीत सेल सापडले. मग वाजली का न्हाई? मॅडमनी भलत्याच जागी लावली, असं ठरलं. त्यांचं काम गेलं. जाताना त्यांनी माझे पाय धरले. "काका, माझ्यामुळे काकू गेल्या." मी — धरू दिले.

सेल पेटीत कसे आले, ते मला ठाऊक हाय. हौसा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ती अजून दवाखान्यात पांढऱ्या कापडाखाली होती तवा, चौकशीवाले यायच्या आत मी शेडाचं कुलूप काढलं. खिशातले सेल पेटीत घातले. चालती का बघायला बटण दाबलं.

लय मोठ्यानं वाजली.