खिडकीपाशी मामा

माझे मामा वारल्यानंतर दहाव्या दिवशी एकटेच एसटीनं सिल्लोडला गेले.

ह्यात नवलाच्या गोष्टी दोन. एक म्हणजे ते वारले होते. आणि दुसरी, तिच्याहून मोठी, म्हणजे सिल्लोडला जायचं नाही अशी त्यांची शपथ होती! सिल्लोडला माझी मावशी राहते, मामांची धाकटी बहीण. तिच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांच्या ड्रायव्हरलासुद्धा टोपी-उपरणं मिळालं आणि नवरीच्या सख्ख्या मामाला गडबडीत कुणी विचारलंच नाही. मामा पंगतीतून उठले ते थेट स्टँडवर. "मेलो तरी सिल्लोडला जायचा नाय!" (शब्दाचे पक्के होते. निदान हयात होते तोवर.)

मामांना आणि मला वेड एकच, गाड्या बघायचं. दर रविवारी घरी "बँकेत काम आहे" असं सांगून आम्ही मामा-भाचे पुंडलिकनगरातून शहर बस पकडून मोठ्या स्टँडवर जायचो. (रविवारी बँक बंद असते हे आमच्या बायकांना ठाऊक होतं, पण तेवढीच घरात शांतता!) मामा नुसत्या आवाजावरून गाडी ओळखायचे, मी फोटो काढायचो. मग कुठल्यातरी गाडीत बसून जवळच्या गावाला जाऊन यायचं. मामांना खिडकीच लागायची, आणि थंडी असो की धूळ, काच उघडीच!

म्हणून दहाव्याला सगळे नातेवाईक जीपनं पैठणला निघाले तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "मामांच्या अस्थी एसटीनंच जातील. त्यांची शेवटची इच्छा समजा." मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती माझ्यासोबत निघाली. (पैठणच्या फेरीला अजून एक जुनी गाडी लागते, असं माझ्या कानावर आलं होतं. पण दुःखाच्या प्रसंगी असलं कशाला बोलायचं?)

अंगणातल्या सीताफळाला टांगलेला कलश काढून मी कापडी पिशवीत ठेवला. मामीनं वर मामांची पांढरी टोपी बसवली. "बिनटोपीचे कधी भाईर पडले नायत ते."

स्टँडवर असलं धुकं की आपला हात आपल्याला परका वाटावा. माणसं दिसत नव्हती, नुसती खोकत होती. आणि त्या धुक्यातून ती आली. जुनी, लाल, हेडलाईट एकच चालू. पैठणची पाटी लावलेली. येऊन थांबली, ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले, इंजिन तसंच धडधडत राहिलं. आत चिटपाखरू नाही.

"दिल्या, आधी जागा धर!" मामी ओरडली, कारण धुक्यातून एकाएकी गर्दी उगवली होती.

जागा धरायची म्हणजे खिडकीतून रुमाल टाकायचा. माझा रुमाल कॅमेऱ्याच्या भिंगाला गुंडाळलेला. (दव पडत होतं, भिंग महागाचं!) मग मी काय केलं? पिशवी खिडकीतून अलगद सीटवर ठेवली आणि म्हणालो, "मामा, जरा जागा धरा."

मी मागं सरलो, आणि ती अर्धी उघडी काच खर्रर्र करत पूर्ण उघडली. आत कुणी नव्हतं.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण समोर जुनी गाडी, वर धुकं! असला योग पुन्हा येतो का? भिंगाचा रुमाल सोडला आणि काढत सुटलो. पुढून, बाजूनं, गुडघ्यावर बसून. गाडी हलली तसं मी अजून खूश झालो. वा, चालत्या गाडीचा फोटो!

मागून मामीचा आवाज आला. "दिल्या, मामा कुठं हायेत?"

"जागा धरून बसलेत."

"अन् गाडी?"

मी कॅमेरा खाली केला. समोर धुकं होतं, धुराचा वास होता, गाडी नव्हती. घाटावर गुरुजी बसलेले, सगळा गोतावळा तिकडं पोचलेला, आणि ज्यांचं सगळं करायचं तेच गायब!

कॅमेऱ्यातले फोटो बघितले. पहिल्यात पाटी पैठणची. आलेल्या फेरीची जुनी पाटी होती ती! दुसऱ्यात कंडक्टर पाटी काढतोय. तिसऱ्यात सिल्लोड. माझी चूक मीच इतकी सुरेख टिपली होती की कुठं बोट ठेवायला जागा नाही. चौथ्या फोटोत गाडी धुक्यात शिरतेय आणि खिडकीपाशी एक पांढरी टोपी.

मामीनं कॅमेरा डोळ्यांजवळ धरला. मग शांतपणे म्हणाली, "बसलेत बघ." माझी मात्र दातखीळ बसायची वेळ आली.

चौकशीच्या खिडकीशी धावलो.

"गाडीत काय राहिलं?" आतल्या साहेबांनी विचारलं.

"मामा."

"म्हातारे आहेत का?"

"होते."

"आजारी?"

"आता नाहीत."

साहेबांनी माझ्याकडं, मग मामीच्या कपाळाकडं पाहिलं आणि कंडक्टरला फोन लावून दिला. तो लागेस्तोवर गाडी फुलंब्री सोडून पुढं गेली होती.

"हां साहब, पिशवी है ना!" कंडक्टर ओरडून बोलत होता. "गाडी खचाखच भरेली है, लोग दारात लटकतायत, पण धरेली सीट है बोलके कोई बैठताच नै! एक जण पिशवी सरकवायला गेला, झटक्यात हात मागं! बोला लई गारेगार लागतंय. और वो खिडकी! मी लावतो, ती उघडती! मी लावतो, ती उघडती!"

"त्यांना बंद काच चालत नाय," मामी म्हणाली.

"है क्या उसमें, साहब?"

"मामा आहेत."

मग एकदम दबका आवाज आला. "पूरे?"

"नाही, थोडे."

पुढं हॉर्न इतका वेळ वाजला की मला ड्रायव्हरचीच काळजी वाटायला लागली.

आता सिल्लोडला पिशवी उतरवून घेणार कोण? मामीनं माझ्याकडं पाहिलं. मावशी मयताला आली नव्हती. लग्नापासून बोलणंच बंद. तरी फोन लावला.

"मावशी, मामा सिल्लोडला येतायत."

पलीकडं काहीच नाही. मला वाटलं, म्हातारी गेली आता, दोन दहावे करावे लागतात! मग घोगऱ्या आवाजात तिनं विचारलं, "कोणत्या गाडीनं?"

दुपारी धुकं विरलं, ऊन पडलं, तरी आम्ही दोघं गारठून बसलो होतो. तीच गाडी परत आली. लोक एकमेकांना न ढकलता एकेक करून मुकाट उतरले. मी आयुष्यात इतकं भीतीदायक काही पाहिलेलं नाही! खिडकीपाशी मावशी बसली होती. मांडीवर कलश, कलशावर करकरीत नवी टोपी आणि उपरणं. जुनी टोपी तिनं छातीशी धरली होती.

"कुठल्या तोंडानं येऊ म्हणून आले नाय गं वहिनी," ती हुंदके देत म्हणाली. "तर तोच आला. माझा मान घ्यायला स्वतः आला." मामीनं तिला पोटाशी धरलं. मलाही रडू आवरेना. कंडक्टरनं लांबूनच हात जोडले. "मामू को बोलो, मी तिकीट मागितलं होतं. माफी."

मग पाटी मामीनं वाचली, दोनदा, आणि आम्ही चौघं पैठणला गेलो. गुरुजी तापलेले, जीपवाले तापलेले, ऊन तेवढं निवलेलं. पिंड ठेवला. कावळे भिंतीवर बसलेले, पण एक जवळ येईना. मावशी म्हणाली, "दादा, दर दिवाळीला टोपी करीन." कावळा ढिम्म! मामी म्हणाली, "माझी काळजी नका करू." ढिम्म! मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"कॅमेरा सोडतो म्हण," जीपवाले खेकसले.

"मामा," मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "आजपासून गाड्यांचे फोटो बंद."

कावळ्यानं चक्क पाठ फिरवली!

मला एकदम आमचे रविवार आठवले. हात जोडून म्हणालो, "बरं मामा, काढत राहीन. तुमच्या वाटणीचेही काढीन. पण आधी पाटी वाचीन!"

पंख फडफडले आणि कावळा थेट पिंडावर. मामीनं पदरानं डोळे पुसले. मी वर बघून मनातल्या मनात मामांना नमस्कार केला.

संध्याकाळी घरी परतताना पैठणच्या स्टँडवर ही गर्दी! ह्या वेळी खिडकीतून रुमाल टाकला, दोघींना बसवलं, स्वतः खाली उतरून मावळत्या उन्हात गाडीचे झकास फोटो घेतले आणि धावत येऊन बसलो. मामीनं खिडकीकडची सीट रिकामी ठेवली होती. गाडी सुटली. शेजारची काच खर्रर्र करत आपोआप उघडली, आणि मागून कंडक्टरचा आवाज आला.

"शेवगाव! बोला, शेवगाव कोण कोण?"